सोसायटीचे ॲप ज्येष्ठांना जमत नाही : शिबिर घ्यावे की ॲप बदलून घ्यावे?

घोडबंदर_वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलाचा मी सचिव आहे. प्रवेशद्वारावरील नोंदवहीच्या जागी आम्ही एक ॲप घेतले आहे. पाहुणा किंवा पार्सलवाला आला की सुरक्षारक्षक नोंद करतो, सदनिकाधारकाच्या मोबाइलवर सूचना वाजते आणि त्याने परवानगी दिली की त्या व्यक्तीला आत सोडले जाते. मेंटेनन्सही त्यातूनच भरायचा असतो. तरुण सभासद खूश आहेत. ज्येष्ठांकडून मात्र एक चूक वारंवार होते, ती म्हणजे ज्याला आत घ्यायचे असते त्यालाच नाकारले जाते. अलीकडेच एका आजोबांच्या सख्ख्या बहिणीला गेटवर ताटकळावे लागले, आणि आजोबा आजही ठामपणे सांगतात की त्यांनी परवानगीच दिली होती.

वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आता दोन प्रस्ताव आहेत. ज्येष्ठांसाठी प्रशिक्षण शिबिर घ्यावे, हा पहिला. ॲप पुरवणाऱ्या कंपनीकडून बदल करून घ्यावेत, हा दुसरा, आणि तो माझा आहे. समितीतील बहुतेकांचे म्हणणे असे की बाकीच्यांना जमते त्या अर्थी ॲप ठीकच आहे, शिवाय प्रात्यक्षिकाच्या दिवशी ते सर्वांना अतिशय सुटसुटीत वाटले होते. माणसाच्या लक्षात एका वेळी सातच गोष्टी राहतात, पर्याय वाढले की तो गोंधळतो, अशा स्वरूपाचे बरेच काही मी वाचले आहे. सभेत ठामपणे मांडता येईल असे त्यात नेमके काय आहे, आणि ऐकीव काय आहे?

तलावपाळी

शिबिर अवश्य घ्यावे. चहा आणि बटाटावडे ठेवल्यास उपस्थिती उत्तम राहील, आणि दुसऱ्या दिवसापासून चुका पूर्ववत सुरू होतील.

रबाळेकर

मी ऐरोलीतील एका कंपनीत याच विषयावर काम करते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात चुकांचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. पहिल्या प्रकारात हेतूच चुकीचा ठरतो, कारण वस्तू कशी चालते याची माणसाची समजूत चुकीची असते. दुसऱ्या प्रकारात हेतू बरोबर असतो, पण हात भलतीकडे जातो. पहिली चूक समजावून सांगितल्याने कमी होते. दुसरी होत नाही, कारण त्या माणसाला काय करायचे हे आधीपासूनच ठाऊक असते. आपल्या आजोबांना बहिणीला आत घ्यायचे होते आणि ती कृती केल्याची त्यांना खात्री आहे. म्हणजे चूक दुसऱ्या प्रकारची दिसते, आणि शिबिराचा तिच्यावर इलाज नाही.

पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखवून दिले की लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तेथे नेमके पोहोचायला वेळ अधिक लागतो. घाई केली तर नेम चुकतो. गेटवर कोणी उभे आहे, फोन वाजतो आहे, चष्मा दुसऱ्या खोलीत आहे, अशा वेळी तो चुकणारच. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत बटणासाठी किमान ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर, लांबी-रुंदी सुचवलेली आहे. 

प्रात्यक्षिकात सुटसुटीत वाटणे हा पुरावा धरू नये. १९९५ साली मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या स्क्रीनच्या २६ मांडण्या २५२ जणांना दाखवल्या होत्या. लोकांना जी मांडणी देखणी वाटली तीच त्यांनी वापरायलाही सोपी असेल असे मानले, मग ती प्रत्यक्षात तशी असो वा नसो. आपल्या समितीने ॲप घेताना हेच केले असावे.

त्या सूचनेच्या स्क्रीनवर बटणे कशी आहेत, हे कृपया सांगावे.

खारघर_टेकडी

मी प्रोग्रॅमर आहे, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. वापरणाऱ्याची प्रत्येक चूक रचनाकाराच्या माथी मारण्याची आजकाल पद्धत पडली आहे, आणि ती मला मान्य नाही. हेच ज्येष्ठ नागरिक यूपीआयने भाजीचे पैसे देतात आणि सकाळी सहा वाजता सुप्रभातीचे संदेश पाठवतात. त्यातले काहीही ते जन्मजात शिकून आलेले नाहीत. गरज वाटली की माणूस शिकतो. शिवाय असे ॲप शेकडो सोसायट्या वापरतात, आणि एकीसाठी बटण हलवले की बाकी सगळ्यांची सवय मोडते.

घोडबंदर_वाटसरू

रबाळेकर, सूचना आली की खाली दोन बटणे शेजारीशेजारी दिसतात, 'प्रवेशाला परवानगी द्या' आणि 'प्रवेश नाकारा'. दोन्ही एकाच निळ्या रंगाची आणि सारख्याच आकाराची आहेत. त्यांच्या खाली बारीक करड्या अक्षरांत 'पार्सल गेटवर ठेवा' असे लिहिलेले आहे.

रबाळेकर

आकार सारखा, रंग सारखा, बटणे एकमेकांना चिकटून आणि परिणाम परस्परविरुद्ध! सारख्या दिसणाऱ्या आणि जवळजवळ असणाऱ्या गोष्टी आपला मेंदू एकाच गटात धरतो, हे मॅक्स वेर्थायमर यांनी १९२३ सालीच मांडले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांमध्ये चाकांचा आणि पंखांवरील झडपांचा खटका सारखाच आणि शेजारी असल्याने, उतरल्यानंतर वैमानिक झडपांऐवजी चाके मिटून घेत असत. आल्फोन्स चॅपानिस यांनी खटक्यांच्या टोकांना वेगवेगळे आकार सुचवले. एकाला चाकासारखा, तर दुसऱ्याला पंखासारखा. ते वैमानिक चांगले प्रशिक्षित होते, ही गोष्ट सभेत आवर्जून सांगावी.

नौपाडेकर

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत असे. धागाकर्त्यांनी ऐकीव आणि पक्के यांतला फरक विचारला आहे, तो या विषयात फार महत्त्वाचा आहे, कारण डिझाइनच्या व्यवसायात मानसशास्त्राची वाक्ये मूळ संदर्भ सुटून फिरत राहतात.

'सात' या आकड्यापासून सुरुवात करू. जॉर्ज मिलर यांचा १९५६ सालचा निबंध हा ऐकलेली किंवा पाहिलेली गोष्ट लगेच पुन्हा सांगण्याच्या क्षमतेबद्दल आहे. नेल्सन कोवान यांनी २००१ साली मांडले की घोकण्याची किंवा गट पाडण्याची संधी काढून घेतली तर ही मर्यादा चारच्या आसपास येते. परंतु मेनूमध्ये सातच पर्याय असावेत हा त्यातून काढलेला निष्कर्ष निराधार आहे, कारण मेनू डोळ्यांसमोर असतो आणि तो कोणालाही पाठ करायचा नसतो. जेथे खरोखर लक्षात ठेवावे लागते तेथेच हा नियम उपयोगी पडतो. आधार क्रमांकाचे १२ अंक चार-चारच्या तीन गटांत छापलेले असतात म्हणून ते दुसरीकडे लिहून घेणे जमते. तेच सलग छापले असते तर मधला एखादा अंक हमखास निसटला असता.

पर्याय वाढले की निर्णयाला वेळ लागतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये आणि रे हायमन यांनी १९५३ मध्ये मोजून दाखवले. पण त्यांच्या प्रयोगांत दिवा लागला की त्याचे ठरलेले उत्तर द्यायचे, एवढेच काम होते, आणि वेळ पर्यायांच्या प्रमाणात न वाढता त्याहून बराच सावकाश, लॉगरिदमच्या हिशेबाने वाढत होता. अनोळखी, क्रम नसलेली यादी वाचत जाणे हे वेगळे काम आहे, त्याला हा हिशेब लागू होत नाही.

मुरंब्याचा प्रयोगही सभेत कोणीतरी सांगेलच. कॅलिफोर्नियातील एका दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्के लोकांनी खरेदी केली, आणि ६ प्रकार मांडले तेव्हा ३० टक्के लोकांनी. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. पुढे २०१० साली अशा ५० प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. काही परिस्थितींत पर्यायांचा भार होतो, काहींत होत नाही. अपुरे राहिलेले काम अधिक लक्षात राहते हे ब्ल्यूमा झायगार्निक यांचे १९२७ सालचे निरीक्षणही नंतरच्या अनेक प्रयोगांत नीट आढळले नाही, तरी 'आपली माहिती ६० टक्के पूर्ण आहे' अशा पट्ट्यांच्या समर्थनार्थ ते आजही पुढे केले जाते.

फिट्स यांचा नियम मात्र भक्कम आहे. सभेत त्यावर आणि चुकांच्या दोन प्रकारांवर भर द्यावा. सातचा आकडा घरीच ठेवावा.

तलावपाळी

नौपाडेकर सर, चारची मर्यादा वाचून दिलासा मिळाला. मंडईतून पाच वस्तू आणायला सांगितल्या जातात आणि पाचवी कायम राहते, त्याला आता शास्त्रीय आधार मिळाला.

वाशी_निवृत्त

बँकेत नोकरीचा काळ गेला, त्यामुळे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातील पाचवे स्थान नेहमी शून्याचे असते. कितीतरी ग्राहक तेथे शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' लिहीत असत, आणि काउंटरवरून त्यांना 'नीट बघून लिहा' असे ऐकवले जाई. पाचव्या जागी दुसरे काही येऊच शकत नाही, तर लिहिलेला 'ओ' संगणकाने स्वतःच शून्य म्हणून का घेऊ नये? यासाठी ग्राहकाला परत पाठवण्याचे काहीही कारण नाही.

दुसरी गोष्ट एटीएमची. सुरुवातीच्या काळातील अनेक यंत्रे आधी पैसे देत आणि मग कार्ड परत करत. परिणामी माणसे कार्ड यंत्रातच सोडून जात. पैसे हातात आले की आपले काम झाले असे मनाला वाटते, आणि पुढची पायरी लक्षातून जाते. 'कार्ड घेण्यास विसरू नका' अशा पाट्या लावून हे थांबत नाही. आधी कार्ड आणि मग पैसे असा क्रम जेथे केला गेला तेथे हा विसर कमी झाला. खारघर_टेकडी, माणसाने गरजेपोटी शिकावे हे खरे, पण येथे शिकण्यासारखे काही उरलेच नाही, आणि तेच मला अधिक चांगले वाटते.

कळवा_खाडी

यूपीआयबद्दल वर म्हटले आहे त्यावर मला मत नोंदवायचे आहे. ज्येष्ठ लोक ते शिकले, कारण ते शिकण्याजोगे केले गेले. जांभळी नाक्यावर मी ज्या भाजीवालीकडून भाजी घेते तिचा फोन पिशवीत असतो आणि हात ओले असतात. पैसे आले की शेजारचा स्पीकर मराठीतून रक्कम मोठ्याने सांगतो, आणि ती मान वर न करता 'आले, ताई' म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. ज्याला खात्री हवी त्याला, त्याच्या सोयीच्या इंद्रियाने, लगेच उत्तर मिळते. माझी आईसुद्धा तो आवाज ऐकला की निश्चिंत होते. जेथे असा आवाज नसतो तेथे स्क्रीनवर चक्र फिरत राहते आणि ती पुन्हा पैसे पाठवू लागते.

गेटच्या ॲपमध्ये बटण दाबल्यावर काय दिसते? 'आपण अमुक व्यक्तीला आत सोडले' असे काही येते का?

रबाळेकर

हा प्रश्न कळीचा आहे. जेकब नील्सन यांनी १९९३ साली प्रतिसादाच्या तीन मर्यादा दिल्या, आणि त्यांचे मूळ १९६८ सालच्या संशोधनात आहे. ०.१ सेकंदात उत्तर आले तर ते आपल्याच हाताने घडले असे वाटते, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांपलीकडे लक्ष दुसरीकडे जाते. फिरणारे चक्र काम चालू आहे एवढेच सांगते, पैसे गेले की नाही ते सांगत नाही, म्हणून कळवा_खाडी यांच्या आईंची कृती पूर्णपणे तर्कसंगत आहे.

तलावपाळी

थोडे अवांतर. ऐरोलीच्या एका इमारतीत अशी लिफ्ट पाहिली की जिच्या आत मजल्यांची बटणेच नाहीत. मजला बाहेरच्या फलकावर निवडायचा, मग तो 'बी' किंवा 'सी' अशी लिफ्ट नेमून देतो. हे ठाऊक नसलेले एक गृहस्थ दार उघडे दिसताच आत शिरले आणि चारही भिंती हाताने चाचपू लागले. चेहरा पाहण्यासारखा होता.

रबाळेकर

अवांतर नाही हो, विषयाला धरूनच आहे. त्या लिफ्टमुळे गर्दीच्या वेळी माणसे खरोखर लवकर पोहोचतात. पण आयुष्यभर वापरलेल्या सगळ्या लिफ्टनी त्या गृहस्थांच्या मनात एक चित्र तयार केलेले आहे, आणि नव्या वस्तूकडून ते त्याच चित्राची अपेक्षा करतात. वेगळे काही करायचे असेल तर ते दारातच, आत शिरण्याआधी कळले पाहिजे.

कोपरखैरणेकर

धागाकर्त्यांनी मेंटेनन्सचा उल्लेख केला आहे, म्हणून विचारतो. आमच्याकडे दुसरे एक ॲप आहे. त्यात पैसे भरताना शेवटच्या स्क्रीनवर 'गृहविमा' या चौकटीत आधीच खूण केलेली असते आणि रक्कम एकूण आकड्यात मिसळून येते. खूण काढली की 'मला माझ्या घराची काळजी नाही' अशा अर्थाचे बटण दाबावे लागते. हेही मानसशास्त्रच का?

नौपाडेकर

होय, आणि येथे ते माणसाच्या विरुद्ध वापरलेले आहे. आधीच केलेली निवड माणूस सहसा बदलत नाही. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ साली अवयवदानाच्या संमतीची तुलना केली होती. नकार न कळवल्यास संमती धरणाऱ्या ऑस्ट्रियात ती ९९.९८ टक्के होती, तर स्वतःहून नोंद करावी लागणाऱ्या जर्मनीत १२ टक्के. अर्थात ही कागदावरची संमती होती, प्रत्यक्ष अवयवदानाचे आकडे नव्हेत, हा फरक सांगताना गाळला जातो.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली असून त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. न विचारता खरेदीत भर घालणे आणि नकार देणाऱ्याला लाजवणे, हे आपण सांगितलेले दोन्ही प्रकार त्यांत आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

कोपरखैरणेकर

आभारी आहे. स्क्रीनचे छायाचित्र काढून ठेवले आहे, तक्रार करतो.

खारघर_टेकडी

विम्याच्या चौकटीचे समर्थन मी करणार नाही. त्यात अनवधान नाही, ती कोणीतरी विचार करून लिहवून घेतलेली असते.

मूळ प्रश्नाकडे येतो. रबाळेकर यांचे फिट्स आणि वेर्थायमर मान्य केले तरी एक गोष्ट जुळत नाही. बटणे सारखी आणि शेजारी आहेत, हे तरुणांनाही लागू आहे. मग चूक जवळजवळ फक्त ज्येष्ठांकडूनच का होते? नुसता नेम चुकत असता तर कधी नको असलेला सेल्समनही आत आला असता. धागाकर्ते म्हणतात की नाकारलेच जाते. वाटसरू, त्या आजोबांच्या फोनमध्ये अक्षरांचा आकार किती ठेवला आहे, ते कृपया पाहून सांगाल का? आणि कोणते बटण डावीकडे आहे?

घोडबंदर_वाटसरू

आज संध्याकाळी आजोबांकडे जाऊन आलो. त्यांच्या मुलाने फोनमधील अक्षरे सर्वांत मोठी करून दिलेली आहेत. मी खाली जाऊन सुरक्षारक्षकाला माझ्याच नावाने नोंद करायला लावली. सूचना वाजली. दोन्ही निळ्या बटणांवर 'प्रवेश' एवढाच शब्द आणि पुढे तीन टिंबे दिसत होती, कारण उरलेला मजकूर बटणात मावतच नाही. अक्षरे मोठी केली की पहिल्या बटणावर 'प्रवेशाला' हा शब्दही पुरता उमटत नाही. 'नाकारा' हे बटण उजवीकडे, म्हणजे आजोबांच्या अंगठ्याजवळ आहे. त्यांना विचारले, 'आजोबा, यांतले कोणते दाबता?' ते म्हणाले, 'दोन्ही सारखीच आहेत, म्हणून हाताशी येते ते दाबतो.'

त्यानंतर आणखी दोन ज्येष्ठ सभासदांचे फोन पाहिले. तेथेही अक्षरे मोठीच ठेवलेली आहेत आणि स्क्रीन अगदी तशीच दिसते. कळवा_खाडी, बटण दाबल्यावर काहीच दिसत नाही, सूचना फक्त नाहीशी होते.

कळवा_खाडी

म्हणजे आजोबांनी परवानगी दिली असे ते म्हणत होते, ते त्यांच्या दृष्टीने अगदी खरे होते. समितीने त्यांना तसे सांगावे, ही विनंती.

खारघर_टेकडी

आमच्या धंद्यात हे कसे घडते ते सांगतो. मजकूर बहुधा इंग्रजीत तपासला जातो, तो आखूड असतो, त्यामुळे बटणाची रुंदी त्याच मापाने ठरते. मग मराठी मजकूर भरला जातो, आणि एका ओळीत न मावल्यास पुढचे कापावे असा आदेश दिलेला असतो. मोठी अक्षरे लावून कोणी पाहत नाही. ही सरळ त्रुटी आहे, तिला रुचीचा प्रश्न म्हणता येणार नाही, आणि कोणत्याही कंपनीने ती दुरुस्त केलीच पाहिजे. माझा सवयीचा आक्षेपही येथे लागू होत नाही, कारण दुरुस्तीत बटणांची जागा बदलावीच लागत नाही.

रबाळेकर

आपण अक्षरांचा आकार विचारला, ते मला सुचायला हवे होते असे येथील माझे सहकारी आता म्हणत आहेत, त्यांना आवरावे!

कंपनीकडे पुढील गोष्टी मागाव्यात. मजकूर 'आत सोडा' आणि 'नाकारा' असा असावा, म्हणजे पहिल्याच अक्षरात फरक दिसेल. अक्षरे मोठी झाली की बटणे एकाखाली एक यावीत, मधे मोकळी जागा असावी आणि मजकूर कापला न जाता दुसऱ्या ओळीत जावा. केवळ लाल-हिरव्या रंगावर विसंबू नये, कारण काहींना तो फरक दिसत नाही, सोबत चिन्हही असावे. निर्णय दिल्यावर तो ठळकपणे दिसावा आणि काही सेकंद मागे घेता यावा. 'खात्री आहे का?' अशी खिडकी मात्र मागू नका. रोज तीच दिसली की हात सवयीने 'होय' दाबतो आणि तिचा उपयोग संपतो.

नौपाडेकर

बदल झाल्यावर पाच सभासदांना वापरायला देऊन शांतपणे पाहावे. पाच जणांत बहुतेक अडचणी सापडतात असे नील्सन यांनी २००० साली लिहिले, पण ते वारंवार येणाऱ्या अडचणींबद्दल आहे, विरळ अडचणी पाच जणांत दिसणार नाहीत. म्हणून पाच जण निवडताना मोठ्या अक्षरांचे फोन, कमी दिसणारे आणि थरथरत्या हाताचे सभासद यांना प्राधान्य द्यावे. प्रयोग चालू असताना मदतीला धावू नये, हे सर्वांत अवघड जाते.

वाशी_निवृत्त

सुरक्षारक्षकालाही त्या पाचांत धरा. नकार आला की तो पाहुण्याला परत पाठवतो, तेव्हा त्याच्या स्क्रीनवर 'घरी फोन लावा' असे बटण हवे.

घोडबंदर_वाटसरू

सर्वांचे आभार. दुसरा प्रस्ताव आता या मुद्द्यांसह नव्याने लिहितो आहे. शिबिराचा प्रस्ताव मांडणाऱ्या सभासदांना आजोबांचा फोन दाखवला, ते तो मागे घेण्यास तयार आहेत.

खारघर_टेकडी

कंपनीला पत्र पाठवताना 'ज्येष्ठांना त्रास होतो' असे लिहू नका, त्याला उत्तर म्हणून वापराचा व्हिडिओ येईल. फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, अक्षरांच्या आकाराची सेटिंग आणि भाषा एवढे लिहा. त्याच सूचनेची दोन छायाचित्रे शेजारीशेजारी जोडा, एक नेहमीच्या अक्षरांतले आणि एक मोठ्या अक्षरांतले. 'आमच्याकडे व्यवस्थित दिसते' असे म्हणायची सोय मग कोणालाच उरत नाही.